न वाचता केलेली सही

जुलै लागला की कंपनीचा मेल येतो. त्याला फॉर्म सोळा जोडलेला असतो. वर्षभरात तुम्हाला पगार किती दिला आणि त्यातून आयकर किती कापून सरकारकडे भरला, याचा तो दाखला. आमच्या संभाजीनगरात या दिवसांत आभाळ रोज येतं, पाऊस आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो आणि नळाला पाणी त्याच्याही नंतर येतं. औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांची गर्दी ओसरते आणि करसल्लागारांच्या जिन्यांवर चपलांचे ढीग लागतात. ओल्या चपलांचा एक वास असतो. तो आला की मला माझा तो जुलै आठवतो, दोन वर्षांपूर्वीचा.

मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. वीस वर्षं होत आली. आमच्या प्रयोगशाळेत सहीला फार मान. गोळीचं वजन केलं, सही. तपमान पाहिलं, सही. न वाचता कुणी सही ठोकली तर मी त्या मुलीला सगळ्यांसमोर झापते, मग ती कितीही हुशार असो. नव्या मुली मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

कराच्या बाबतीत मात्र मी सुखी माणूस होते. पहिल्यांदा पगाराच्या पावतीवर टीडीएसच्या रकान्यात आकडा दिसला, तेव्हा नवीनच लागलेल्या आम्ही तिघी-चौघी कॅन्टीनमध्ये हळहळलो होतो. पुढं सवय झाली. दर महिन्याला कंपनी कापते, म्हणजे आपण सरकारचं देणं देऊन मोकळ्या. भाजीवाल्यानं कोथिंबीर आधीच पिशवीत टाकावी, तसं ते काम कुणीतरी परस्पर करून टाकत होतं. जुलैत औरंगपुऱ्याला जायचं, इक्बालभाईंपुढं फॉर्म सोळा ठेवायचा, त्यांनी दहा मिनिटं संगणकावर बोटं चालवायची आणि "हो गया मॅडम, शून्य" म्हणायचं. खाली उतरून मी एक मक्याचं कणीस घ्यायची. वर्षातून एकदा, तिखटमीठ आणि लिंबू लावून. त्या शून्याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी इक्बालभाईंची बोटं मधेच थांबली.

इक्बालभाई साठीचे असतील. वडिलांपासून हाच धंदा, हीच खोली. टेबलाच्या काचेखाली जुन्या गिऱ्हाइकांच्या मुलांच्या लग्नपत्रिका. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पडदा माझ्याकडं वळवला.

"मॅडम, गंगापूरच्या बँकेत तुमची एफडी आहे, ते तुम्ही कधी बोलला नाहीत."

"माझी नाही. दुसऱ्या कुणाची असेल."

"नाव तुमचं. पॅन तुमचा. बीस लाख का मामला लगता है. वर्षाचं व्याज एक लाख चाळीस हजार."

मी वाचलं. नाव माझंच होतं, माहेरच्या आडनावानं. गंगापूरला कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं ते खातं मी कधीच विसरून गेले होते. इक्बालभाईंनी कॅलक्युलेटर ओढला. माझा पगार ज्या टप्प्यात होता, त्यात वरच्या उत्पन्नाला तीस टक्के आणि वर उपकर. शिवाय वेळेत न भरल्याबद्दलचं व्याज. सत्तेचाळीस हजार आणि वर काही शे.

"पण माझा तर दर महिन्याला कापला जातो," मी म्हणाले. आवाज थोडा चढलाच असेल, कारण बाकावरच्या दोघांनी वर पाहिलं.

"कंपनीला तुमचा पगार दिसतो मॅडम, तुमचं घर नाय दिसत," इक्बालभाई शांतपणे म्हणाले. "जितकं तुम्ही सांगता तितक्यावरच ते कापतात. बाकीचं सरकारला परस्पर कळतं. हे असं." आणि मग थोडं खालच्या आवाजात, "इथं बँकेनं पण कापला नाही, कारण तुमच्या सहीचा पंधरा-जी अर्ज दिलाय. माझं उत्पन्न करपात्र नाही, माझ्या व्याजातून कापू नका, असं तुम्ही लिहून दिलंय."

"मी?"

"सही तर तुमचीच असणार. गावाकडं सगळेच देतात. शेतकऱ्याला चालतं, तुम्हाला नाय चालत. कर आधी भरा, मग बँकेत जाऊन तो अर्ज रद्द करा. आणि मॅडम, पहले ये मालूम करो, पैसा किसका है."

त्या दिवशी मी कणीस घेतलं नाही.

पैसा कुणाचा, हे खरं तर मला जिना उतरतानाच कळलं होतं, किंवा मला तसं वाटलं. मोबाइलमध्ये मागे मागे गेले आणि सापडलं. आदल्या वर्षीच्या एप्रिलातला दत्ताचा मेसेज: "ताई पॅनकार्डचा फोटो टाक ना. अर्जंट." आणि खाली मी बिनघोर टाकलेला फोटो. दत्ता माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गंगापूरजवळ आमची शेती आहे, ऊस आणि कापूस. ती तो पाहतो. अप्पा, आमचे वडील, त्याच्याजवळच असतात. आई जाऊन बारा वर्षं झाली.

त्याच एप्रिलात मी हक्कसोड केलं होतं. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा मी भावाच्या नावे सोडून दिला. आमच्याकडं मुली सोडतातच. न सोडणारीची गोष्ट चार गावांत होते. मलाही कुणी जबरदस्ती केली नाही. मी नोकरीवाली, नवरा नोकरीवाला, मी त्या उसात काय उभी राहणार होते? गंगापूरच्या कचेरीत आम्ही गेलो. गर्दी होती, पंखा बंद होता. अप्पा कागद उलटत होते आणि बोटानं दाखवत होते, "हितं. आन हितं. ह्याच्या मागं बी कर." मी वीस-बावीस सह्या केल्या. एकही ओळ वाचली नाही. वाचली तर रडू येईल, अशी भीती होती. वहिनीनं मोरपंखी साडी नेसवली, दत्तानं पेढे वाटले आणि मी हसत हसत फोटो काढून घेतला.

इथं खरं लिहायचं तर लिहिते. मला जमीन नको होती. पण कुणीतरी एकदा "घे" म्हणावं, असं वाटत होतं. एकदाच. मी नाहीच म्हटलं असतं.

आणि आता हे. रस्त्यासाठी आमची तीन एकर जमीन सरकारनं घेतली होती, तिचा मोबदला आलेला मला माहीत होता. दत्तानं तो पैसा माझ्या नावावर लपवला, असं मी ठरवून टाकलं. त्याला कर वाचवायचा असेल, नाहीतर कर्ज दिलेल्या कुणा सोसायटीच्या नजरेतून पैसा दूर ठेवायचा असेल. जमीन घेतली ती घेतली, वर नावही वापरलं. चार दिवस मी हे मनात घोळवत होते. प्रयोगशाळेत मुलींवर ओरडत होते. नवरा म्हणाला, "फोन करून विचार ना सरळ." मी म्हटलं, फोनवर माणूस खोटं बोलू शकतो. चार दिवस मी माझ्या भावाला मनातल्या मनात चोर ठरवून त्याच्याशी भांडले, आणि प्रत्येक भांडणात मीच जिंकले.

रविवारी एसटीनं गंगापूर गाठलं. वाळूज सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस लागतो. जुलैतला कापूस जेमतेम वीतभर, बायका ओळीनं बसून खुरपत होत्या. एरवी मला ते हिरवं बघून बरं वाटतं. त्या दिवशी मी फक्त पहिलं वाक्य काय बोलायचं ते घोकत होते.

घरी दत्ता नव्हता. खताच्या गोण्या आणायला गेला होता. वहिनी आषाढाचं तळण करत होती, घरभर कापण्यांचा गोड खमंग वास. अप्पा बांधावर होते. मी तिकडं गेले. ते लिंबाखाली बसून दाव्याला पीळ देत होते. आता दृष्टी कमी झाली आहे, पण हाताला सवय आहे. मी पिशवीतून इक्बालभाईंनी छापून दिलेला कागद काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

"मला कुठं दिसतंय त्यातलं. काय हाय?"

"बँकेत माझ्या नावावर वीस लाख आहेत अप्पा. मला सत्तेचाळीस हजार कर आलाय."

अप्पांचा हात थांबला. घराकडं बघून घेतलं त्यांनी. वहिनी आत होती.

"सरकारनं कळवलं व्हय?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, मी गेल्यावर कळंल तुला."

अप्पा बोलत राहिले, दाव्याकडं बघत. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे आले. त्यातले दत्ताला पाइपलाइनला दिले, घराला दिले आणि त्याला सांगितलं की बाकीचे स्वतःच्या म्हातारपणाला ठेवतो. ते उचलून माझ्या जुन्या खात्यात टाकले. कचेरीतल्या त्या गठ्ठ्यात बँकेचे दोन कागद त्यांनीच सरकवले होते.

"तू वाचून सही करणारी बाई. मला धाकच व्हता. पर त्या दिवशी तू वाचलं नाय."

"अहो पण का? मी कागदावर लिहून दिलं ना, मला काही नको म्हणून?"

"हक्क तू सोडला माय. मी कुठं सोडला?"

ते हे अगदी साधेपणानं म्हणाले, पावसाबद्दल बोलावं तसं. मी लिंबाकडं तोंड केलं आणि रडले. वय वर्षं त्रेचाळीस, सेक्शन हेड, आणि बांधावर उभी राहून फ्रॉकातल्या पोरीसारखी रडले. अप्पा दावं वळत राहिले. रडणाऱ्या माणसाला गप्प करायचं नसतं, हे त्यांना कळतं.

मग त्यांनी आपली काळजी सांगितली, आणि ती खरी होती. "दत्ताला कळू देऊ नको. पोरगं वाईट नाय, पर त्याला वाटंल, बापानं मागून केलं. मला त्याच्याच ताटात खायचंय. घरात एकदा तोंडं फिरली की म्हाताऱ्याचे लई हाल हुतात."

"त्यानं माझ्या पॅनकार्डचा फोटो कशाला मागितला होता मग?"

"मला काय म्हाईत? इम्याला लागला आसंल."

अप्पांनी कमरेची पिशवी चाचपली. कर मी देतो म्हणाले, उसाचे आलेत. मी त्यांचा हात धरला. त्या क्षणापर्यंत हे पैसे परत करायचे की ठेवायचे, हे मी ठरवलेलं नव्हतं. परत करायचे तर त्यांच्या नावावर करावे लागले असते, आणि आता त्यांना बँकेत दत्ताच न्यायचा, म्हणजे त्याला कळलं असतं. ठेवायचे तर आयुष्यभर भावापासून लपवावं लागलं असतं. दोन्हीकडून अप्पांचंच ताट हलणार होतं. तरी मी म्हणाले, "व्याज माझं आहे ना? मग कर मी भरीन." आपण कर भरतो तो आपल्या मालकीच्या गोष्टीवर. मी ते पैसे कबूल केले ते असे, कराच्या मार्गानं.

रात्री सगळे जेवायला बसलो. दत्ता माझ्या शेजारी. त्यानं माझ्या ताटात न विचारता ठेचा वाढला, लहानपणापासून वाढतो तसा, जास्तच. "ताई, कंपनीत लई काम हाय का? वाळलीस." मला त्याच्या डोळ्यांत बघवेना. सकाळपर्यंत जिला तो चोर वाटत होता तिलाच आता त्याच्यापासून काहीतरी चोरून ठेवायचं होतं. भाकरीचा तुकडा मी ताटातच फिरवत राहिले. वहिनी म्हणाली, "ताईंना ठेचा तिखट लागला." मी हो म्हटलं.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि बँक उघडता उघडता तिथं गेले. तो पंधरा-जी अर्ज रद्द करायचा होता. मोबाइलवरून चलन आदल्या रात्रीच भरलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी जुनी फाइल काढली. बाई त्याच गावच्या असाव्यात, आमचं घर त्यांना ठाऊक होतं. अर्ज माझ्यापुढं ठेवला. खाली माझी सही, एप्रिलातली, घाईतली. आणि वरचं सगळं अक्षर दत्ताचं होतं.

ते मी कुठंही ओळखलं असतं. त्याला पाटीवर अक्षरं मीच शिकवली. डावीकडं कलणारी, एकमेकांना टेकून उभी असलेली. माझा पॅन नंबर त्यानं एकेक अक्षर सुटं, जपून लिहिला होता. पत्त्याच्या रकान्यात संभाजीनगरचा फ्लॅट नव्हता. शेतातल्या आमच्या घराचा पत्ता होता.

"तुमचे वडील सह्या घेऊन आले होते, पण अर्ज कोराच," बाई म्हणाल्या. "पॅन नंबर तर त्यांच्याकडं नव्हताच. दुसऱ्या दिवशी तुमचे भाऊ पीककर्जाचं विचारायला आले, तर मी म्हटलं, तुमच्या ताईंचं आहे, तुम्हीच भरून द्या. इथंच बाकावर बसले. बराच वेळ नुसतेच बसले होते. मग मोबाइलवर नंबर मागवला आणि भरून दिला."

"काही म्हणाला का?"

"म्हणाले, अप्पांना सांगू नका मला कळलंय ते. त्यांना वाटू द्या, त्यांनी एकट्यानं केलं."

मी त्या बाकाकडं पाहिलं. लाकडी, एका बाजूचा रंग गेलेला. वीस लाखांचा तो कागद मांडीवर घेऊन माझा भाऊ तिथं बसला होता. उठून अप्पांना जाब विचारू शकला असता. अर्ज कोरा सोडून जाऊ शकला असता. त्यानं खिशातून पेन काढलं. त्याला काय वाटलं असेल ते मी कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. अर्ज मात्र चुकीचाच होता, सही न वाचता करणारी मी आणि करपात्र बहिणीला बिनकराची ठरवणारा तो. बाईंसमोर मी तो रद्द केला. नवा कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मगच सही केली. आता बँक व्याजातून दहा टक्के कापते, राहिलेल्याचं मी कंपनीला कळवून ठेवलंय, म्हणजे ते पगारातूनच सांभाळून कापतात. इक्बालभाई पुन्हा शून्य म्हणतात. पूर्वी त्या शून्यात माझं कुणी नव्हतं.

एखाद्या घरात माणसं एकमेकांपासून काय काय लपवतात, याच्या वाईट गोष्टी आपण खूप ऐकतो. चांगलं लपवणारी माणसंही असतात, पण त्यांची बोंब होत नाही, म्हणून ती ऐकू येत नाहीत. मी त्या चार दिवसांची माफी दत्ताकडं मागितलेली नाही. मागायची तर सगळंच सांगावं लागेल, आणि अप्पांनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट कुणाला न विचारता केली आहे. ती त्यांची त्यांच्याकडं राहू दे.

यंदाचाही जुलै लागलाय. मेल येऊन गेला. काल संध्याकाळी अप्पांचा फोन होता. ते मोबाइल स्पीकरवरच ठेवतात, त्यांना कमी ऐकू येतं. इकडचं तिकडचं झालं, कापूस कसा आहे, नळाला पाणी आलं का. मग आवाज थोडा खाली करून त्यांनी विचारलं, "तुझं ते जुलैचं काम झालं का?"

"झालं अप्पा."

मागून दत्ताचा आवाज आला. "कसलं काम वो अप्पा?"

"काय नाय," अप्पा म्हणाले, "तिच्या हापिसातलं हाय."

"आस्सं," दत्ता म्हणाला, "मला काय त्यातलं कळतंय."